कुत्र्याची गाडीमागे धावण्याची खोड कशी मोडावी?



बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडी ओढतात बैल, आणि सावली धरून खालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की सगळा भार आपल्याच पाठीवर आहे. आता सावली देणाऱ्या त्या गाड्या थोड्या राहिल्या. धुरळा उडवत जाणाऱ्या मोटारसायकली, दुधाचे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर आले. कुत्रा मात्र तोच आहे. आता तो गाडीखालून चालत नाही, गाडीमागे धावतो, आणि त्याच्या डोक्यातला समजही जुन्याच जातीचा आहे. 'ही गाडी मी पळवली' असे त्याला वाटते.

हा समज कसा तयार होतो आणि तो कसा काढायचा, एवढेच आज सांगायचे आहे. विषय वाचून कुणी हसेल. पाच वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर, रस्त्याला लागून आहे. पूर्वी तिथे नुसती गाडीवाट होती. दिवसातून चार वाहने जायची, तीही खड्डे चुकवत. मग डांबर पडले आणि वाहने वेगाने जाऊ लागली. मोत्याला आम्ही राखणीसाठी पिल्लू असताना आणले होते. तो वर्षाचा झाला आणि त्याने रस्ता धरला. मोटारसायकलचा आवाज आला की गोठ्यापासून सुटायचा, चाकाच्या बरोबरीने भुंकत धावायचा आणि आमचा बांध संपला की शेपटी वर करून परत यायचा. पोरे टाळ्या पिटायची. खोटे कशाला सांगू, मलाही कौतुक होते. पाहुणे आले की मी म्हणायचो, "आमच्या बांधावरून परकी गाडी सुखानं जाऊन दाखवू दे."

त्या रस्त्याने रोज पहाटे एक दूधवाला यायचा. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. श्रावणातली पहाट होती, रिमझिम लागलेली, रस्ता ओला. मोत्या उसातून एकदम आडवा आला. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी कॅनसकट आडवी झाली. आवाज ऐकून मी बॅटरी घेऊन धावलो. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, उजवा हात डाव्या हाताने धरून. गळ्याजवळचे हाड मोडले होते. दूध डांबरावरून वाहत चारीत चालले होते. आणि मोत्या ते दूध चाटत होता.

मी कुत्र्याला शिव्या घालत दगड उचलला, तसा तो म्हणाला, "अण्णा, कुत्र्याला कशाला बोलता? दोन पावसाळं झालं, मी तुमास्नीच सांगतुया."

ते खरे होते. 'कुत्रं बांधा' असे तो दोन वर्षे सांगत होता आणि 'चावत नाही तो, नुसता भुंकतो' असे मी ऐकवत होतो. चावत नाही हेही खरेच होते. माणूस पाडायला त्याला चावावे लागलेच नाही.

दवाखान्याचा खर्च आणि सांडलेल्या दुधाचे पैसे आम्ही दिले. पण दीड महिना त्याचा भाऊ आपले काम सोडून दुधाची फेरी करत होता आणि त्यांच्या सोयाबीनची खुरपणी मागे पडली होती. ते पैशाने भरून आले नाही. इकडे आम्हाला सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे मारून टाका, कुणी म्हणे पोत्यात घालून पलीकडच्या तालुक्यात सोडून या. म्हणजे तिथे दुसरा दूधवाला पडणार! आमची आई तेवढी वेगळे बोलली. "टाळ्या पिटून शिकवलंत तुम्हीच, आता इसरवा बी तुम्हीच."

मग पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, कुत्री शिकवणाऱ्या एक-दोघांना भेटलो, जे सांगितले ते करून पाहिले. काही फसले, काही साधले. ते तुमच्या कामाचे आहे म्हणून लिहीत आहे.

कुत्रा धावतो तरी का?

कुत्र्याचे पूर्वज शिकार करून जगणारे. भक्ष्य दिसणे, त्यावर नजर लावणे, दबत जाणे, पाठलाग, पकड आणि मग मारणे, अशी ती साखळी असते. माणसाने हजारो वर्षे कुत्री निवडताना या साखळीतल्या कड्या आपल्या कामाप्रमाणे कमी-जास्त केल्या. मेंढरे वळवणाऱ्या विलायती जातींत नजर लावणे आणि पाठलाग ठेवला, पकड दाबली. आपल्याकडचे कारवान, मुधोळ हे सडपातळ कुत्रे तर नजरेने ससा हेरून त्याच्यामागे पळण्यासाठीच वाढवले गेले. गावठी कुत्र्यात सगळेच थोडे थोडे असते. म्हणून डोळ्यांपुढून एखादी वस्तू वेगाने गेली की त्याचे पाय आधी सुटतात आणि विचार मागून येतो. ससा, कोंबडी, सायकल, मोटार, त्या क्षणी त्याला सगळे सारखेच.

ही झाली उपजत ओढ. पण खोड पक्की होते ती दुसऱ्या कारणाने, आणि हे कारण नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा इलाज त्याच्यावर उभा आहे. गाडी येते, कुत्रा भुंकत धावतो, गाडी निघून जाते. गाडी आपल्या कामाला जाणारच होती, हे तुम्हा-आम्हाला कळते. कुत्र्याला एवढेच दिसते की परका आला, मी अंगावर गेलो, तो पळाला. दिवसाला वीस गाड्या धरा. म्हणजे रोज वीस विजय, वर्षाला सात हजारांवर! इतक्या वेळा जिंकल्यावर माणूसही कुणाचे ऐकत नाही.

याशिवाय लहानसहान कारणे असतात. काही कुत्र्यांना दिवसभर काम नसते, तेवढाच खेळ. काहींना लहानपणी गाडीचा धक्का लागलेला असतो, ती भीतीपोटी अंगावर जातात. पुष्कळ पिल्ले थोरल्या कुत्र्याचे पाहून शिकतात. आणि भाद्रपदात, कुत्र्यांच्या हंगामात, टोळकी जमली की एकट्याने कधी न धावणारा कुत्राही टोळक्याबरोबर धावतो.

लोढणे, दगड आणि चाबूक

आता आपण सर्रास काय करतो ते पाहा. ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणे बांधतात तसे कुत्र्याच्याही गळ्यात लाकूड बांधायचे, म्हणजे धावताना ते पायांत येईल. मीही पहिल्यांदा तेच केले. चार दिवसांत मोत्याच्या पुढच्या पायांची सालटी निघाली, आणि पाचव्या दिवशी तो लोढण्यासकट धावला. अशा कुत्र्याचा धोका उलट वाढतो. लाकूड चाकात अडकले तर तोही जातो आणि गाडीवालाही. जुना टायर गळ्यात घालणे हा त्याचाच भाऊ.

दुसरी चूक परत आल्यावर मारण्याची. कुत्रा गाडीमागे धावून येतो, आपण हाक मारतो, तो जवळ येतो आणि आपण काठी घालतो. त्याच्या हिशेबी मार धावल्याबद्दल बसला नाही, हाकेला आल्याबद्दल बसला. पुढच्या वेळी तो येणारच नाही. ज्या हाकेवर सगळे शिक्षण उभे करायचे, तीच आपण आपल्या हाताने मोडतो.

गाडीवरून दगड मारणे, गरम पाणी फेकणे, लाथ घालणे याने भित्रा कुत्रा क्वचित थांबतो. बाकीच्यांना गाडी ही शत्रूच आहे अशी खात्री पटते. शिवाय एका हाताने दगड आणि एका हाताने हँडल, यात आधी कोण पडेल ते सांगायला नको.

तिसरा उपाय सगळ्यांत सोपा वाटतो. दिवसभर बांधून ठेवायचे, तेही रस्त्याच्या तोंडाशी, म्हणजे राखणही होईल. असा कुत्रा प्रत्येक गाडीवर साखळी ताणून भुंकत राहतो आणि आतल्या आत तापत जातो. ज्या दिवशी साखळी तुटते त्या दिवशी तो नुसता धावत नाही, धरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे. कुत्रा फार तोकड्या किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी त्यात क्रूरतेत मोडतात. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आधी विजय बंद करा

सुरुवात शिकवण्याने करायची नाही. सुरुवात करायची ती त्याची जिंकण्याची संधी काढून घेण्याने. पुढचे दोन-अडीच महिने त्याला एकाही गाडीमागे धावता येता कामा नये. हे वाचायला कडक वाटेल, पण इथे ढिलाई चालत नाही. मटक्याचा नाद लागलेला माणूस पाहिला असेल. रोज हरतो, पण महिन्यातून एकदा आकडा लागतो आणि तेवढ्यावर तो पुढचा महिना खेळतो. कुत्र्याचेही तसेच. तीस दिवस धरलात आणि एक दिवस सुटला, तर ती एक धाव त्याला पुढे पुष्कळ दिवस पुरते.

मग बांधायचे कसे? घराच्या मागच्या अंगाला, जिथून रस्ता दिसत नाही तिथे, दोन झाडांमध्ये माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर जाड तार ताणा. तारेत एक लोखंडी कडी ओवा आणि कडीला दोरी बांधा. कडी तारेवरून सरकते, त्यामुळे कुत्र्याला पंचवीस-तीस फूट येरझाऱ्या घालता येतात. दोरी झाडाला गुंडाळली जाऊ नये म्हणून दोन्ही झाडांच्या अलीकडे तारेला गाठीसारखा अडथळा ठेवा. गळ्यात रुंद पट्टा हवा, आत दोन बोटे जातील इतका सैल. सरकफासाची गाठ कधीही मारू नका. सावली आणि पाणी तिथेच. पहाटे किंवा सांजेला रस्त्याच्या उलट अंगाला, बांधाबांधाने त्याला दोरीने फिरवून आणा. राखण रात्री करायची असते. रात्री कुंपणाच्या आत मोकळा ठेवता आला तर ठेवा, पण फाटक बंद हवे.

याच काळात चार दिवस एक टिपण ठेवा. कोणत्या गाडीला तो उठतो, किती वाजता, किती लांबून कान टवकारतो. आमच्या मोत्याला एस. टी.चे काहीच नव्हते. ती रोजच्या वेळेला, रोजच्या आवाजाने जायची. त्याला राग होता तो मोटारसायकलचा, त्यातही कॅन खडखडणाऱ्या. मग आम्हाला कुठे लक्ष द्यायचे ते कळले.

भाकरी कुणाच्या हातची?

शिकवणीसाठी घरातला एकच माणूस नेमा. आमच्याकडे मी पुढे सरसावलो होतो, पण मोत्या माझ्याकडे ढुंकून बघेना. तो ऐकायचा आमच्या सौभाग्यवतींचे, कारण भाकरी तिच्या हातची. तेव्हा मुकाट्याने दोरी तिच्या हाती दिली. घरात जो खायला घालतो तोच खरा मास्तर, हे मानापमान न धरता मान्य करा.

शब्दही ठरवून घ्या. आजोबा म्हणणार 'बस', पोरे म्हणणार 'खाली', आणि आणखी कुणी 'गप', तर कुत्र्याने काय समजायचे? आम्ही दोनच शब्द ठेवले, 'इकडे' आणि 'बस'. परसात, शांत वेळी, पोट थोडे रिकामे असताना शिकवायला सुरुवात केली. 'इकडे' म्हटले, तो आला की लगेच घास. लगेच म्हणजे दोन आकडे मोजायच्या आत. उशिरा दिलेला घास कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. दहा मिनिटे सकाळी, दहा संध्याकाळी पुरे होतात.

घास रोजचा नको. रोजची भाकरी त्याला मिळणारच असते, तिच्यासाठी तो गाडी का सोडील? सुकटीचे दोन दाणे, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, रश्श्यात बुडवलेली भाकरी, असे काहीतरी जे एरवी मिळत नाही. माळकऱ्यांच्या घरी पनीरचा किंवा खव्याचा कण चालेल. पण द्राक्षे, बेदाणे आणि कांदा देऊ नका, कुत्र्याला ते विषासारखे आहेत. द्राक्षबागाईतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिजवलेल्या कोंबडीची हाडेही नकोत, ती फुटून धारदार होतात.

पंधरा दिवसांत मोत्या परसात हाकेला यायला लागला. मग खरी परीक्षा.

गाडी म्हणजे घास

बैलाचा जुना कासरा घ्या, वीस-तीस फुटांचा, आणि कुत्र्याला घेऊन रस्त्यापासून दीडशे पावले लांब रानात उभे राहा. गाडी दिसेल, पण ती त्याला आपल्या अंगावरची वाटणार नाही इतके लांब. गाडी येते आहे असे दिसले, कुत्र्याने कान टवकारले, की लगेच 'इकडे' म्हणून घास द्या. गाडी जाईपर्यंत कण कण देत राहा. गाडी गेली की घास बंद. दुसरी गाडी आली की पुन्हा सुरू.

यात युक्ती अशी की आजवर गाडी आली म्हणजे लढाई, हे त्याचे गणित होते. आता गाडी आली म्हणजे वहिनीकडे वळून बघायचे, हे नवे गणित बसते. काही दिवसांनी तो गाडी ऐकताच आपणहून तुमच्या हाताकडे बघतो. ते ज्या दिवशी घडले त्या दिवशी निम्मे काम झाले असे समजा.

घास तोंडाशी धरूनही तो खात नसेल, अंग ताठ झाले असेल, तर तुम्ही फार जवळ उभे आहात. तीस पावले मागे व्हा. यात कमीपणा नाही. आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली. तीन दिवस छान गेले म्हणून चौथ्या दिवशी एकदम बांधावर गेलो, आणि मोत्याने सौभाग्यवतीला कासऱ्यासकट पाच पावले ओढत नेले. तळहाताची कातडी सोलली. तेव्हापासून कासऱ्याचे टोक कडुनिंबाला एक वेढा देऊन धरायचे, आणि आठवड्याला वीस पावलांपेक्षा जास्त पुढे जायचे नाही, असे ठरले.

रस्त्याजवळ आल्यावर घरचीच मोटारसायकल वापरा. आधी ती नुसती उभी. मग इंजिन चालू करून उभी. मग कुणीतरी चालत ढकलत नेईल. मग अगदी हळू चालवत, आणि शेवटी रोजच्या वेगाने. एकेका पायरीवर दोन-तीन दिवस घालवा. गाडीवर अनोळखी माणूस बसवता आला तर चांगले, घरचा माणूस असला की कुत्रा गाडीऐवजी त्यालाच ओळखतो.

आमच्याकडे हे काम कुणी केले असेल? त्याच दूधवाल्याने. हात बरा होऊन तो पुन्हा फेरीला आला तेव्हा आमच्या वळणाच्या अलीकडे थांबून लांबूनच ओरडला, "वहिनी, हॉर्न वाजवून येत जाऊ का? म्हंजी तवर तुम्ही त्याला धरत्याल." त्याला स्वतःचा जीव सांभाळायचा होता, बाकी काही नाही. पण यातून सोय झाली. तो वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा, सौभाग्यवती मागच्या दारातून 'इकडे' म्हणायची, मोत्याला अंड्याचा तुकडा मिळायचा. महिनाभरात असे झाले की हॉर्न वाजला की मोत्या रस्त्याकडे न जाता मागच्या दाराकडे पळायचा आणि भांड्याचा आवाज होईपर्यंत तिथेच बसायचा. पुढे अंडे रोज मिळायचे नाही, कधी नुसते डोक्यावरून हात फिरवणे. तरी तो जायचा.

एकूण तीन महिने लागले. तरुण कुत्र्याला कमी लागतील, पाच-सहा वर्षांच्या मुरलेल्या कुत्र्याला जास्त. कासरा गळ्यात ठेवूनच, पण हातातून सोडून, आणखी एक महिना पाहा, आणि मगच मोकळा करा. तेही आपण जवळ असताना. नसबंदीने ही खोड जाते असे कुणी सांगितले तर ते अर्धेच खरे आहे. नराचे भटकणे त्याने कमी होते, भाद्रपदातली टोळकी टळतात, पण गाडीमागे धावणे ही शिकलेली गोष्ट आहे, ती शिकवूनच जाते.

नवे पिल्लू आणणार असाल तर एवढे कष्ट नकोतच. पहिल्या तीन महिन्यांत त्याला कडेवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसा, चार गाड्या बघू द्या, खाऊ घाला. आणि त्याने पहिल्यांदा सायकलमागे दुडूदुडू धाव घेतली तर कृपा करून टाळ्या पिटू नका.

उसाच्या दिवसांत जास्त जपा

दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस वाहतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. कुत्रा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर नजर ठेवून बरोबरीने धावतो, त्या चाकापासून अंगही राखतो. पण वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आत कापत येते. कुत्र्याला ते कळत नाही. आमच्या भागात उसाच्या रस्त्यावर मेलेली कुत्री पाहिलीत तर बहुतेक वळणाच्या आतल्या अंगाला दिसतील. तेव्हा या चार-पाच महिन्यांत कुत्रा रात्रीचा मोकळा सोडू नका, मग तो कितीही शिकलेला असो.

गाडीवर तुम्ही असाल तेव्हा

कुत्रा अंगावर आला की आपला हात आपोआप वेग वाढवतो, आणि तेच नको. साधा गावठी कुत्राही थोडे अंतर मोटारसायकलच्या बरोबरीने सहज धावतो. वेगाला वेग दिला की त्याला चेव येतो. नजर रस्त्यावर ठेवा, हँडल घट्ट धरा, पाय उचलू नका, वेग बेताने कमी करा. मागे वाहन नसेल तर थांबलात तरी चालेल. पळणारी वस्तू थांबली की बहुतेक कुत्री गोंधळतात, दोनदा भुंकून मागे फिरतात. शाळेत सायकलवरून जाणाऱ्या मुला-मुलींना शिकवून ठेवा की कुत्रा मागे लागला तर खाली उतरायचे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि न पळता हळूहळू चालत राहायचे.

धावण्यातून चावा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली सलग पंधरा मिनिटे धुवा. तिखट, हळद, चुना, तेल काही लावू नका. धुऊन झाल्यावर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून खेड्यांत आहे, पण ती पद्धत कधीच बंद झाली. आता लस दंडात देतात, ठरलेल्या तारखांना. दोन घेऊन बरे वाटले म्हणून तिसरी चुकवू नका. पिसाळीचा रोग एकदा दिसू लागला की त्यावर औषध नाही. आणि आपल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, पुढे दरवर्षी एक. पावती जपून ठेवा.

कायद्याचेही सांगून ठेवतो. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो हे ठाऊक असून मालकाने काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या दंड संहितेतही असे कलम होतेच. आमच्या दूधवाल्याने तक्रार केली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

फाट्यावरची बेवारस कुत्री

इतके सगळे घरच्या कुत्र्याचे झाले. फाट्यावर, हॉटेलांच्या मागे जी टोळकी असतात, त्यांना कोण अंडे भरवणार? तिथे कारण शोधावे लागते, आणि ते बहुधा आपणच टाकलेले असते. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून रस्त्याकडेला फेकायच्या, जत्रेतले उरलेले मटण ओढ्याच्या पुलाखाली टाकायचे, आणि मग कुत्री माजली म्हणून ओरडायचे. खाणे रस्त्यापासून हलले की कुत्रीही हलतात. कोंबड्यांचे शेड असणाऱ्यांनी मेलेल्या पक्ष्यांसाठी खोल खड्डा करून चुना टाकून पुरण्याची शिस्त ठेवावी. बेवारस कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, त्यात आपली ग्रामपंचायतही आली. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. विष घालणे हा मात्र उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि ते विष खाऊन कुणाची शेळी, कुणाचे वासरू जाईल याचा भरवसा नाही.

आमचा मोत्या आता आठ वर्षांचा झाला आहे. दूधवाला रोज हॉर्न वाजवून जातो आणि तो मागच्या दाराशी जाऊन बसतो. फक्त एका गाडीचे त्याला अजून वावडे आहे. पलीकडच्या वाडीतल्या एकाची जुनी मोटारसायकल आहे, सायलेन्सर फुटलेली. दर बाजारच्या दिवशी सांजेला ती येते, आणि अजूनही तिच्या आवाजाने मोत्याचे पुढचे पाय थरथरतात. गाडीवाल्याला सायलेन्सर बदलायला सांगून झाले, तो हसतो. म्हणून बाजारच्या दिवशी साडेपाच वाजले की सौभाग्यवती खुंटीवरचा कासरा काढते आणि ती गाडी ओढ्यापार जाईपर्यंत मोत्याला धरून ओट्यावर बसते.